कॅमेरा प्रोफेशनल, मी नाही

"ए, तुझ्याकडे तो मोठ्ठा कॅमेरा आहे ना? माझा एक डीपी काढ ना प्लीज, पाचच मिनिटं!"

गेल्या दीड वर्षात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, ते मोजण्याइतकं लक्ष जर अभ्यासात दिलं असतं तर मॅथ्स-थ्रीमध्ये केटी लागली नसती. असो.

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, मॅडम, मी चिपळूणच्या कॉन्व्हेंटची. आमच्याकडे 'मराठी' म्हणजे आठवड्यातले चार तास, आणि त्यातलाही एक पीटीच्या सर मागून घ्यायचे. मॅडम म्हणाल्या, "तू कॅन्टीनमध्ये कॅमेऱ्याबद्दल जशी कुरकुरतेस, तशीच कागदावर कुरकुर. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या लेखात जे शुद्ध आहे ते मॅडमचं, कुरकुर तेवढी माझी.

मत आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच मेसची बेल झाली तर लेख अर्धा टाकून जायला हरकत नाही. विद्यार्थ्याने प्रोफेशनल डीएसएलआर कॅमेरा स्वतःच्या मालकीचा घेऊ नये. आणि हे मी ज्याला परवडत नाही त्याच्यासारखी द्राक्षं आंबट म्हणून सांगत नाहीये. मी घेतलाय. आत्ता हे लिहितानाही तो कपाटात, हवाबंद डब्यात, माझ्यापेक्षा जास्त आरामात बसलाय.

सेकंड इयरच्या सुरुवातीला घेतला. अर्थात सेकंडहँड. लग्नाचे फोटो काढणारे एक दादा नवा मिररलेस कॅमेरा घेत होते, त्यांना जुना काढायचा होता. नुसती बॉडी ४२ हजार. त्यातले १८ हजार दोन सुट्ट्यांत शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले, १० हजार आजीने दिलेले आणि उरलेले १४ हजार बाबांनी "हा वाढदिवस, दिवाळी आणि पुढचे सगळे सण मिळून" अशा बोलीवर दिलेले. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. हॉस्टेलमध्ये या विषयावर दोन पक्ष आहेत आणि मला दोघांबरोबर जेवायला बसायचं असतं.

दादा प्रामाणिक होते. त्यांनी सांगितलं होतं, "शटर एक लाख तीस हजार वेळा पडलंय बघ." मला तेव्हा कळलं नाही, नंतर वाचलं. या वर्गातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर साधारण दीड लाख क्लिक टिकेल असं धरून बनवलेलं असतं. त्यापुढेही चालतं, पण कधी बसेल याचा भरवसा नाही. म्हणजे माझ्या हक्काचे क्लिक २० हजार. ४२ हजार भागिले २० हजार, म्हणजे एका क्लिकला दोन रुपये दहा पैसे! तेव्हापासून कोणी "अजून एक काढ ना, डोळे मिटले माझे" म्हटलं की मला रिक्षाचं मीटर पडल्याचा आवाज येतो.

दादा कॅमेरा का विकतायत हेही मी नीट विचारायला हवं होतं. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या आरशावरून वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा खाडकन् वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. कॅनन आणि निकॉन या दोघांचेही सर्वात वरच्या वर्गातले शेवटचे डीएसएलआर २०२० मध्ये आले, त्यानंतर दोघांनी सगळा भर मिररलेसवर दिला. थोडक्यात, मी वरातीत सामील झाले ती बँडवाले पैसे मोजायला बसले तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, जुना तर जुना, कॅमेरा चांगला आहे ना? आहे की! त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे, म्हणजे जुन्या रोलच्या एका फ्रेमएवढा. बहुतेक फोनमधला सेन्सर याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असतो. कमी उजेडात हा जे टिपतो ते बघून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. तक्रार कॅमेऱ्याच्या कामाबद्दल नाहीच. तक्रार 'प्रोफेशनल' या शब्दाबद्दल आहे. दीड वर्षात मला या शब्दाचा एकच अर्थ कळला: ज्याचा खर्च, ओझं आणि वेळ दुसरं कोणीतरी मोजून देतं, तो प्रोफेशनल. लग्नवाल्या दादांकडे बॅग धरायला एक पोरगा होता, गाडी होती, एसी ऑफिस होतं, एडिटिंगला माणूस होता आणि शेवटी बिल भरणारा वधूपिता होता. कॅमेरा तोच, पण माझ्याकडे यातलं काहीही नाही.

वजनापासून सुरू करू. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. ०.०१ मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद आणि वजन सुमारे ३.६ किलो. आता बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, चार्जर आणि ट्रायपॉड धरून माझ्या बॅगचं वजन मी मेसच्या काट्यावर केलं. साडेतीन किलो! पन्नास वर्षांत मेगापिक्सेल वाढले, पण माझ्या खांद्यापर्यंत प्रगती काही पोचली नाही.

मग पैसे. बॉडी घेतली की खर्च संपतो असं वाटतं, पण तिथे तो सुरू होतो. मावसभावाने "माझी जुनी लेन्स वापर" म्हणून प्रेमाने दिली, ती लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी होती; फुल-फ्रेमला तिचा उपयोग नाही. कार्ड जुन्या पद्धतीचं, त्याला रीडर वेगळा. एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची. ती फोनवर धड उघडत नाही आणि लॅपटॉपवर उघडली की पंखा असा फिरतो की रूममेट विचारते, "टेक-ऑफ कधी आहे?" आणि एवढं करून फोटो ग्रुपवर टाकला की दाबून-चेपून दोनेक मेगापिक्सेलचा होतो. त्यावर कॉमेंट येते, "भारी! कॅमेरा महाग आहे ना, म्हणून." मेसची भाजी चांगली झाली तर "कढई कुठली आहे?" असं कोणी विचारतं का?

त्यात आपली हवा. पावसाळ्यात आमच्या चिपळूणला चपलांनासुद्धा बुरशी येते, पण हॉस्टेलच्या तळमजल्यावरच्या खोल्याही काही कमी नाहीत. हवेत ओल फार दिवस राहिली की लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती काचेवरचा थर खाते, आणि मग पुसूनही डाग जात नाही. म्हणून लेन्स साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायच्या असतात. स्टुडिओवाल्यांकडे त्यासाठी विजेवर चालणारं कपाट असतं. माझ्याकडे रबरी कड असलेला प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलचे दाणे. हे दाणे ओल शोषून भरले की गरम करून वाळवायला लागतात, आणि रूममध्ये शेगडी सापडली तर रेक्टर मॅडम मलाच वाळत घालतील. तेव्हा मदतीला धावल्या मेसच्या मावशी. दर रविवारी दुपारची गर्दी ओसरली की त्या माझे दाणे एका जुन्या पत्र्याच्या झाकणात घेऊन मंद आचेवर ठेवायच्या आणि संध्याकाळी हाक मारायच्या, "पोरी, तुजं साबुदाणं वाळल्यात, घिऊन जा!" मावशींची गोष्ट पुढे येतेय, लक्षात ठेवा.

पाऊस संपला, तर चैत्रात जोतिबाची यात्रा. डोंगरावर सासनकाठ्या नाचतायत, "चांगभलं"चा गजर चाललाय आणि सगळा डोंगर गुलालाने गुलाबी झालाय. फोटोग्राफरला याहून काय हवं? मी उत्साहात तिथेच लेन्स बदलली. पुढच्या आठवड्यात आकाशाच्या प्रत्येक फोटोत तेच सात ठिपके. ॲपर्चर लहान केलं की आणखी ठळक. देव सर्वत्र असतो म्हणतात, माझ्याकडे त्याचा गुलाल सेन्सरवर आहे. सेन्सर साफ करायला शहरात पाठवावा लागला, पंधरा दिवस गेले. बरोबरच्या मुलींनी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून फोटो काढले होते आणि घरी येऊन तो ओल्या फडक्याने पुसला.

इथे थोडी लाजसुद्धा वाटते. आपण जिथे शिकतो त्याच कोल्हापूरच्या परिसरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, पण सात ठिपके पुसायला कुरिअर शोधतो.

बाहेर गेलं तर वॉचमन. एका बागेच्या गेटवर मला अडवलं, "प्रोफेशनल कॅमेरा अलाउड नाही." मी विचारलं, काका, प्रोफेशनल म्हणजे कुठला? म्हणाले, "मोठा दिसतो तो." माझ्यासमोरून एक जण मोबाइल, गिंबल, माइक आणि एक नाचणारी मुलगी घेऊन आत गेला आणि मी तासभर बाहेर बसून कणीस खाल्लं. त्यात आम्हा मुलींचा आणखी एक प्रॉब्लेम. फोटोसाठी चांगला उजेड असतो सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला. सूर्योदयाला गेट उघडलेलं नसतं आणि सूर्यास्ताला अटेंडन्स. मुलांच्या हॉस्टेलमध्ये हाच कॅमेरा असता तर फोटो वीस टक्क्यांनी चांगले आले असते, असं माझं प्रामाणिक मत आहे. रेक्टर मॅडम, हे फक्त मत आहे!

आणि गॅदरिंग! तीन दिवसांत १४०० फोटो, म्हणजे ३५ जीबी. सगळ्यांचे डान्स माझ्याकडे आहेत, मी मात्र एकाही फोटोत नाही. फक्त एका ठिकाणी स्टेजच्या आरशात माझं कोपर आलंय. तिसऱ्या दिवशी क्लासचा ग्रुप फोटो मी ऐटीत एफ १.८ वर काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आकडा जितका लहान तितकं फोकसमधलं अंतर कमी. पहिली रांग अशी आली की दात मोजावेत, आणि तिसऱ्या रांगेतली मुलं स्वर्गवासी झाल्यासारखी धूसर. त्यातला एक जण अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे. फोनने असलं काही होऊ दिलं नसतं. फोन एका क्लिकमध्ये पाच-दहा फोटो घेतो, जोडतो, उजेड सारखा करतो आणि आपल्याला कळायच्या आत हातात देतो. माझा कॅमेरा म्हणतो, चूक तुझी, आता चार तास लॅपटॉपवर बसून निस्तर.

इथवरची सगळी कुरकुर तुम्ही कॅन्टीनमध्ये ऐकलीच असेल. हसून सोडून द्या. पुढची मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

गेल्या मार्चमध्ये मावशी मला म्हणाल्या, "पोरी, माजा एक फोटू काढ की. भिंतीवर लावाय." म्हणाल्या, त्यांचा म्हणावा असा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा, आणि तो बघून नातू रडतो. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या कुठेच नाहीत, कारण तेव्हा त्या आत स्वयंपाक बघत होत्या. मी म्हटलं, मावशी, असा काढते की बघत राहाल.

रविवारी दुपारी त्या हिरवं जरीकाठाचं लुगडं नेसून आल्या. मेसच्या मागच्या दाराशी खिडकीतून छान तिरका उजेड येतो, तिथे स्टुलावर बसवलं. पहिल्यांदा ताठ, आधार कार्डासारख्याच. मग आतून कोणीतरी ओरडलं, "मावशी, आमटीत मीठ नाही!" आणि त्या मान वळवून हसल्या. तो फोटो मला मिळाला. दीड वर्षात मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो आहे, याबद्दल मला शंका नाही.

मावशी म्हणाल्या, "दाव की." मी मागच्या स्क्रीनवर दाखवला. त्या पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "कदी देशील?" मी म्हटलं, "असा नाही देत मावशी, एडिट करून देते. रॉ आहे ना."

रॉ आहे ना! त्यांना काय कळणार? पण त्यांनी मान हलवली. मग मार्चएंडच्या टेस्ट आल्या. मग जोतिबा झाला, गुलाल झाला, कॅमेरा साफ करायला गेला. फोटो तर लॅपटॉपवरच होता, पण मी ठरवलं की कॅमेरा आला की सगळं एकदमच करू. मग सबमिशन, ओरल, पेपर. मावशींनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही विचारलं. त्यांचा फोन साधा, बटणांचा. त्यावर पाठवायची सोय नव्हती. पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फोटो प्रिंट होतो, हे मला माहीत होतं.

जुलैमध्ये परत आले तर मेसचा कॉन्ट्रॅक्टर बदललेला. मावशी नव्हत्या.

मी चौकशी सुरू केली आणि पहिल्या वाक्यालाच अडले. कोणाची चौकशी करतेयस? मावशींची. नाव काय? माझे दाणे वाळवणाऱ्या बाईंचं नाव मला माहीत नव्हतं. आमच्या विंगमध्ये कोणालाच नव्हतं. वॉचमन काका म्हणतात आडनाव पाटील, भाजीवाले म्हणतात पवार. गाव पन्हाळ्याच्या बाजूचं, एवढ्यावर दोघांचं एकमत. माझ्या लॅपटॉपवर त्यांच्या फाइलला एक नंबर आहे, बस.

ऑगस्टमध्ये मी तो फोटो शेवटी एडिट केला. किती वेळ लागला सांगू? वीस मिनिटं. ज्या कामासाठी मी चार महिने घेतले त्याला वीस मिनिटं लागली. आठ बाय बाराची प्रिंट काढली, फ्रेम केली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात आहे, कॅमेऱ्याच्या डब्याशेजारी.

म्हणून माझी खरी तक्रार वजन, बुरशी, गुलाल, वॉचमन यांच्याबद्दल नाहीच. या कॅमेऱ्याने मला एक मोठ्ठं कारण दिलं. मोबाइल असता तर मी त्याच संध्याकाळी फोटो काढून प्रिंट आणून दिली असती, थोडी कमी चांगली आली असती एवढंच. हातात 'प्रोफेशनल' वस्तू आली आणि मला वाटायला लागलं की आपण फोटो देतो ते उपकार करतो, आपल्या वेळेने, आपल्या क्वालिटीने. लग्नवाले दादा असं करूच शकत नाहीत, वधूपिता दारात येऊन बसेल. मी प्रोफेशनलचा तोरा घेतला, जबाबदारी घेतली नाही.

नुसतं रडून उपयोग नाही, म्हणून दोन सूचना. पहिली कॉलेजला. एक बरा कॅमेरा आणि दोन लेन्स कॉलेजने घ्याव्यात, इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये ओल धरणार नाही अशा कपाटात ठेवाव्यात आणि फोटोग्राफी क्लबला रजिस्टरमध्ये सही करून वापरायला द्याव्यात. चार मुलांनी घरच्यांना चार वेळा पिळण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. सुरुवातीला माझाच ठेवा, मी भाडं मागणार नाही. शटर मात्र सांभाळा.

दुसरी क्लबला, म्हणजे मलाही. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी मेसमधल्या ताई-मावशी, सफाईवाले, वॉचमन काका, लॅब अटेंडंट, माळी, सगळ्यांचा एकेक फोटो काढायचा. आधी नाव विचारून वहीत लिहायचं. आणि आठ दिवसांच्या आत प्रिंट ज्याची त्याच्या हातात. रॉ की जेपेग, एडिट केला की नाही, कुठल्या कॅमेऱ्याने काढला, ते नंतर बसून भांडू.

आणि एक विनंती. हा अंक ऑफिस, लायब्ररी, वर्कशॉप सगळीकडे जातो. लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये जूनपर्यंत काम करणाऱ्या, हिरव्या जरीकाठाच्या लुगड्यातल्या, मोठ्याने हसणाऱ्या मावशी हल्ली कुठे आहेत हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल, तर मराठी विभागाच्या मॅडमकडे निरोप ठेवा. एसटीने जाऊन फ्रेम मी स्वतः देऊन येईन. अटेंडन्सचं मी बघते.

बाकी डीपीवाल्यांनी खुशाल यावं. दोन रुपये दहा पैसे माफ. फोटो त्याच रात्री मिळेल.